सॅल्व्हियाचा सॉलिड शो: कर्जतच्या पावसात टिकणार कोण?

लाल आहे, निळा आहे, जांभळा आहे आणि पेरूचा तर चक्क काळा आहे! (देश पेरू हो, फळ नव्हे.) एवढी व्हरायटी एकाच नावाखाली दुसऱ्या कुठल्या फुलझाडात मिळते, सांगा बघू?

थंडीत कर्जत-खोपोली पट्ट्यातल्या नर्सऱ्यांसमोर काळ्या पिशव्यांमध्ये लालभडक तुरे उभे असतात ना, तोच हा सॅल्व्हिया. शनिवारी गाडी थांबते, चार पिशव्या डिकीत जातात, फार्महाऊसवर फोटोसेशन होतं. जूनमध्ये पाऊस येतो आणि जुलैत वाफा रिकामा! मग टिकणारा सॅल्व्हिया कुठला? तो कर्जत-खालापुरात जगवायचा कसा? आणि हा मूळचा आहे तरी कुणाच्या घरातला? घ्या, एकेक किस्सा चटाचट.

हजाराच्या घरातलं खानदान

माहीत आहे का? पुदिन्याच्या कुळात सगळ्यात मोठी प्रजाती सॅल्व्हियाची. जगभरात जवळपास एक हजार जाती! त्यातल्या निम्म्याहून अधिक अमेरिका खंडातल्या, त्यातही मेक्सिकोचा वाटा दणदणीत. उरलेल्या भूमध्य सागराच्या आसपास आणि पूर्वेकडे चीन-जपानच्या बाजूला. म्हणून नर्सरीत नुसतं 'सॅल्व्हिया द्या' म्हणून भागत नाही. कुठला, हे विचारायचंच.

सागवान काका, तुळस मावशी

अंगणातली तुळस सॅल्व्हियाची नातलग, हे पटकन पटतं. पण कर्जतच्या डोंगरउतारावरचं सागवानही त्याच कुळातलं, हे माहीत आहे का? पूर्वी साग दुसऱ्या कुळात मोजला जायचा, आता त्याची रवानगी तुळशीच्या कुळात झालीय. निर्गुडी, शिवण, पानओवा, पुदिना, दीपमाळ ही सगळी मंडळी एकाच रेशनकार्डावर!

आणि पावसाळ्यात आदिवासी बायका बाजारात रानभाजी घेऊन बसतात, त्यातली भारंगीसुद्धा याच घरची. म्हणजे जुलैत ताटात भारंगी, जानेवारीत बागेत सॅल्व्हिया. फॅमिली पॅक!

खूण हवी? खोड दोन बोटांत धरून फिरवा. गोल नाही, चौकोनी लागेल. तुळशीचंही तसंच. सागाच्या कोवळ्या फांदीलाही चार कडा असतात.

'सॅल्व्हिया युनायटेड', फुटबॉल क्लब नव्हे

पिझ्झ्यावर भुरभुरतो ती रोझमेरी माहीत आहे ना? तिचं शास्त्रीय नाव होतं रोझमेरिनस. २०१७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी जनुकांचा हिशोब मांडला आणि रोझमेरीसह पाच छोट्या प्रजाती सॅल्व्हियात विलीन करून टाकायचं सुचवलं. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकाची सुरुवातच होती 'सॅल्व्हिया युनायटेड'! आता रोझमेरी म्हणजे सॅल्व्हिया रोझमेरिनस. पक्षांतर नाही, घरवापसी.

बागेपुरतं सांगायचं, तर रोझमेरीला ऊन हवं, वारा हवा आणि पाणी बेताचं. कर्जतला ती कुंडीतच ठेवा आणि जून लागला की पत्र्याखाली घ्या. जमिनीत लावलीत तर श्रावणाआधीच रामराम.

उणे वीसचा पहिलवान कर्जतला गार

आता कळीचा मुद्दा. परदेशी कॅटलॉगमध्ये झाडापुढे 'हार्डी' असं लिहिलेलं असतं. पण ही परीक्षा कशाची, माहीत आहे का? थंडीची! ब्रिटनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी झाडांना एच-१ ते एच-७ असे दर्जे देते. सॅल्व्हिया नेमोरोसाचा 'कॅराडोना' हा वाण त्यात एच-७, म्हणजे पारा उणे २० च्या खाली गेला तरी हा गडी वसंतात पुन्हा उभा.

याच घराण्यातल्या 'मे नाइट' या वाणाला १९९७ मध्ये अमेरिकेत 'पेरेनियल प्लँट ऑफ द इयर' हा किताब मिळाला. केवढा रुबाब!

पण कर्जतला उणे २० येतं कुठून? इथे पारा दहाच्या खाली गेला तरी बातमी होते. इथला पेपर वेगळाच आहे: एप्रिल-मे मध्ये चाळिशीपार ऊन आणि मग चार महिने धो धो. वर्षाकाठी ३,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस! बर्फात तग धरणारा नेमोरोसा इथे मुळाशी पाणी साचलं की कुजतो. म्हणून कर्जतपुरती व्याख्या बदलून घ्या. बर्फात टिकतो तो तिकडचा हार्डी, चिखलात टिकतो तो आपला!

दोन कर्जत, एक सॅल्व्हिया

माहीत आहे का? महाराष्ट्रात कर्जत तालुके दोन. एक रायगडातला, दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यातला, काळविटांच्या रेहेकुरी अभयारण्याचा. तिकडे पाऊस जेमतेम ५००-६०० मिलिमीटर. मेक्सिकोच्या कोरड्या डोंगरातून आलेल्या सॅल्व्हियाला विचारलंत, तर तो बिनदिक्कत नगरच्या कर्जतचं तिकीट काढेल. आपल्याला त्याला इकडच्या कर्जतला थांबवायचंय. तेव्हा थोडी खातिरदारी करावीच लागणार.

लालभाई: ब्राझीलचे पाहुणे

नर्सरीतला ठसठशीत लाल म्हणजे सॅल्व्हिया स्प्लेन्डेन्स. गाव ब्राझील, युरोपात एन्ट्री १८२२ च्या सुमाराला. रानात हा चांगला कमरेइतका वाढायचा. पैदासकारांनी त्याला वीतभर-दोन वीत करून टाकला, वाफ्यात ओळीने बसवायला बरा!

गंमत बघा. फूल गळून पडलं तरी तुरा लालच दिसतो, कारण फुलाखालचा निदल-पेलाही लाल असतो. म्हणून शो लांबतो. पण कर्जतला हा सीझनचा पाहुणा. ऑक्टोबर ते मार्च मुक्काम, नंतर निरोप. त्याला हार्डी समजून जून दाखवू नका.

खरा खमक्या: कॉक्सिनिया

कमी भाव खाणारा, पण कामाचा गडी हाच. सॅल्व्हिया कॉक्सिनिया उष्ण प्रदेशातला, त्यामुळे उकाड्याचं त्याला काही वाटत नाही. लाल, गुलाबी, पांढरा अशा रंगांत मिळतो. तुरा स्प्लेन्डेन्सपेक्षा विरळ, पण अंगात चिवटपणा भरपूर.

त्याची युक्ती माहीत आहे का? जुनं झाड पावसात गेलं, तरी आधी सांडलेल्या बिया मागे राहतात. पाऊस ओसरला की वाफ्यात आपोआप रोपं! विकत एकदा घ्यायचं, मग दरवर्षी फुकट.

फक्त एक अट. हा आपणहून पसरणारा आहे आणि देशातल्या काही डोंगराळ भागांत बागेबाहेर पडून रानात रुजलाही आहे. माथेरान परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तेव्हा छाटलेले तुरे ओढ्यात किंवा जंगलात फेकू नका. सॅल्व्हिया बागेत, कारवी डोंगरावर. ज्याचं त्याने सांभाळावं.

टेक्सासची निळाई

फॅरिनेसिया, म्हणजे टेक्सास-मेक्सिकोकडचा निळा सॅल्व्हिया. देठावर पीठ भुरभुरल्यागत पांढुरकी लव. 'व्हिक्टोरिया ब्लू' हा त्याचा गाजलेला वाण. ऊन सोसतो, फुलं महिनोन् महिने देतो आणि कापून फुलदाणीत ठेवली तरी छान टिकतात. उंच गादीवाफ्यावर असेल तर पावसाळाही काही झाडं काढून जातात. मधमाश्यांचा फेव्हरेट!

मखमली फसवणूक

माहीत आहे का? सॅल्व्हिया ल्यूकॅन्थाचे जांभळे मखमली तुरे बघून सगळे 'काय सुंदर जांभळी फुलं!' म्हणतात. पण ती फुलं नव्हेतच! जांभळा असतो तो निदल-पेला. खरं फूल त्यातून डोकावणारं पांढरं. मेक्सिकोच्या या झाडाला दिवस लहान व्हायला लागले की बहर येतो. आपल्याकडे दिवाळीनंतर त्याचीही दिवाळी.

काळा-निळा, पण कुणी मारलेलं नाही

'ब्लॅक अँड ब्लू' हा दक्षिण अमेरिकेतल्या ग्वारानिटिकाचा वाण. पेला काळा, फूल गडद निळं. मुळं गाठाळ असतात, आणि थोडी सावली, थोडा ओलावा हा इतर भावंडांपेक्षा जास्त सहन करतो. कर्जतसाठी प्लस पॉइंट! वरून झोपला, तरी गाठी शाबूत असतील तर पुन्हा फुटतो.

त्याच्यासारखाच दिसणारा जांभळा 'अमिस्ताद' अर्जेंटिनाच्या रोलांडो उरिया यांना २००५ मध्ये एका प्लँट शोमध्ये दिसला आणि बघता बघता जगभर पोचला. प्रदर्शनाला नुसतं सेल्फीसाठी जाऊ नये, ते असं.

आपल्याकडे प्रदर्शन बघायचं, तर पुण्याचं एम्प्रेस गार्डन गाठा. प्रजासत्ताक दिनाच्या आसपास तिथे पुष्पप्रदर्शन भरतं. ते भरवणारी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३० पासूनची आहे. म्हणजे भोर घाटातून रेल्वे धावायच्याही आधीची!

मूडी 'हॉट लिप्स'

नाव 'हॉट लिप्स', फूल दोनरंगी: वर पांढरं, खाली लाल ओठ. पण हवामान बदललं की मूड बदलतो. एकाच झाडावर कधी पूर्ण लाल, कधी पूर्ण पांढरं, कधी अर्धं-अर्धं. नर्सरीवाल्याने फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका. रंग बदलणं हा त्याचा जन्मसिद्ध हक्क आहे.

कळीतली कळ

आता जादूचा प्रयोग! कर्जत स्टेशनवर घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिन लागतं, कारण पुढे १:३७ चा चढ. सॅल्व्हियाच्या फुलातही असाच ढकलण्याचा खेळ चालतो. मधमाशी मधासाठी डोकं आत घालते, आतली कळ ढकलली जाते आणि वरून पुंकेसर खाली येऊन तिच्या पाठीवर परागकणांचा शिक्का मारतो. पुढच्या फुलावर पार्सल डिलिव्हर!

ही यंत्रणा जर्मनीच्या स्प्रेंगल यांनी १७९३ मध्ये लिहून ठेवली. सॅल्व्हियात कामाचे पुंकेसर फक्त दोन असतात. दोनच, पण इंजिनीअरिंग फर्स्ट क्लास. बारीक काडी फुलात हळूच सरकवा, निळ्या जातींत ही गंमत दिसू शकते. पक्ष्यांसाठी घडलेल्या बऱ्याच लाल जातींत मात्र ही कळ रिटायर झालेली असते.

हमिंगबर्ड नाही? शिंजीर हजर!

लाल, नळीसारखी, मधाने भरलेली फुलं मुळात हमिंगबर्डसाठी. पण हमिंगबर्ड अमेरिका खंड सोडून कुठेच रानात राहत नाहीत. मग इथे कोण येतं? आपला शिंजीर! फरक एवढाच, की हमिंगबर्ड हवेत तरंगत मध पितो आणि शिंजीर शक्यतो बैठक मारून. तेव्हा तुऱ्यांमध्ये एखादी मजबूत काटकी रोवून ठेवा. पाहुण्याला खुर्ची नको?

बी पेरताय? लाइटली घ्या!

माहीत आहे का? स्प्लेन्डेन्सच्या बीला रुजायला उजेड लागतो. खोल पुरलंत, तर वाटच बघत बसाल. ओल्या मातीवर बी पसरा, हलकेच दाबा, बस्स. साधारण दोन आठवड्यांत कोंब दिसतात.

टाइमटेबल कर्जतचं: पितृपक्षाच्या सुमाराला ट्रेमध्ये पेरणी, पण पत्र्याखाली. दिवाळीत रोपं वाफ्यात, हातभर अंतरावर. ख्रिसमसला फुलांची सुरुवात. आणि जानेवारीत शेतात वालाच्या शेंगा भरून पोपटीचे मडके लागले, की सॅल्व्हिया फुल्ल फॉर्मात. एका हातात पोपटी, दुसऱ्या हातात कॅमेरा!

भात गादीवर, मग सॅल्व्हिया का नाही?

नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी 'सगुणा राइस टेक्निक' विकसित केलं: नांगरणी-चिखलणीला फाटा आणि कायमच्या गादीवाफ्यांवर भात. पाण्यात वाढणारा भात जर गादीवर खुश, तर पाण्याला घाबरणाऱ्या सॅल्व्हियाला जमिनीवर झोपवायचं कशाला?

भाताच्या खाचरात भराव टाकून केलेल्या प्लॉटवर तर हे हवंच. खालची चिकण माती पाणी धरून ठेवते. हात-दीड हात उंच वाफा, त्यात माती, बारीक मुरूम किंवा जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत. वर भाताचं तूस मिसळा, म्हणजे माती भुसभुशीत राहील. कर्जतला तुसाचा तोटा नाही. इथे भात संशोधनाचं केंद्र आहे आणि 'कर्जत-३', 'कर्जत-७', 'कर्जत-१८४' हे भाताचे वाण गावाचंच नाव लावून फिरतात. गावाच्या नावाने सॅल्व्हिया अजून नाही. जागा रिकामी आहे!

खुडा, उपाशी ठेवा, लाड करू नका

रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या, की शेंडा खुडा. मन घट्ट करा. एका शेंड्याच्या जागी दोन फांद्या फुटतात आणि झाड भरदार होतं. सुकलेले तुरे कापत राहा, नवे येत राहतात.

युरियाचा मारा? अजिबात नको. जास्त नत्र म्हणजे पानंच पानं, फुलांचा पत्ता नाही. पाणी द्यायचं ते बोट मातीत घालून, वरचा थर कोरडा लागला तरच. ऊन मात्र दिवसाचे पाच-सहा तास हवंच.

बोनस! बऱ्याच सॅल्व्हियांच्या पानांना उग्र वास असतो, म्हणून गुरं-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. भातकापणीनंतर गावात मोकाट गुरं फिरतात तेव्हा शेजाऱ्याचा झेंडू साफ, तुमचा सॅल्व्हिया सेफ.

जूनचा विमा: एक फांदी

मेअखेर चार बोटं लांबीच्या, बिनफुलांच्या फांद्या कापा. खालची पानं काढा, ओलसर वाळूत खोचा, छपराखाली सावलीत ठेवा. ल्यूकॅन्था, ग्वारानिटिका, 'हॉट लिप्स', सगळे फांदीवरून सहज लागतात. बाहेरची झाडं वाहून गेली तरी घरात बॅकअप तयार. मोबाइलचा बॅकअप घेता, मग सॅल्व्हियाचा का नको?

माथेरानची डिलिव्हरी

सुमारे ८०० मीटर उंचीवरचं माथेरान कर्जत तालुक्यातच. हवा गार, सॅल्व्हियाला आवडेल अशी. पण कुंडी न्यायची कशी? खासगी गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच! पुढे घोडा, ई-रिक्षा, नाहीतर १९०७ ची आपली मिनी ट्रेन, फुलराणी. आणि पाऊस तर कर्जतपेक्षाही जास्त. तेव्हा वर कुंडी आणि व्हरांडा हीच जोडी.

सब्जा की चिया?

फालुद्यात फुगतो तो सब्जा, तुळशीचा भाऊ. स्मूदीत फुगते ती चिया, म्हणजे सॅल्व्हिया हिस्पॅनिका! मेक्सिकोच्या अ‍ॅझ्टेक लोकांचं हे महत्त्वाचं धान्य होतं. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेत मातीच्या खेळण्यांवर चिया उगवून 'केस' वाढवायची टूम निघाली. अ‍ॅझ्टेकांच्या ताटातून थेट खेळण्याच्या टकलावर. काय करिअर आहे!

व्हेलची उलटी आणि सॅल्व्हिया

कोकणात 'व्हेलची उलटी पकडली' अशा बातम्या वाचता ना? ते अंबरग्रिस, अत्तरवाल्यांचं सोनं आणि भारतात विकायला बंदी. माहीत आहे का, त्याच्यासारखा सुगंध सॅल्व्हिया स्क्लेरियापासून बनवता येतो? या झाडातल्या स्क्लेरिऑलपासून अ‍ॅम्ब्रॉक्साइड तयार होतं. व्हेल निवांत, अत्तरही दरवळतं.

डेंजर झोन

मेक्सिकोच्या ओआहाका भागातले माझातेक लोक सॅल्व्हिया डिव्हिनोरम धार्मिक विधीत वापरतात. त्यातलं सॅल्व्हिनोरिन-ए हे निसर्गातल्या सर्वांत तीव्र भ्रमकारकांपैकी एक आणि अनेक देशांत बंदी असलेलं. घाबरू नका, नर्सरीतला लाल-निळा तो नव्हे. तरी पण शोभेच्या सॅल्व्हियाचा चहा करायला जाऊ नका. चहाला आलं आहे ना!

देशी भाऊ, पण लाजाळू

सॅल्व्हिया परदेशीच, असं वाटतं? सॅल्व्हिया प्लेबिया भारतातलाच, पार ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला. ओलसर शेतात, नदीकाठी तण म्हणून उगवतो. फुलं इतकी बारीक की फोटोत शोधावी लागतात. १८१० मध्ये त्याचं नाव नोंदवलं रॉबर्ट ब्राउन यांनी. हो, हेच ते फिजिक्सच्या पुस्तकातल्या 'ब्राउनियन मोशन'वाले ब्राउन!

पटापट पिक

तुमचा पत्ता सांगा, सॅल्व्हिया सांगतो. खोपोलीत फ्लॅटची बाल्कनी? फॅरिनेसिया, कुंडीत. खालापुरात उघडा, उन्हाचा प्लॉट? कॉक्सिनिया, डोळे मिटून. कर्जतला झाडाखाली अर्धी सावली? 'ब्लॅक अँड ब्लू'. माथेरानचा व्हरांडा? ल्यूकॅन्था. फक्त जानेवारीच्या पार्टीपुरता शो? स्प्लेन्डेन्स घ्या आणि मार्चनंतर रडू नका.

घाई मात्र नको. डोंगरावरची कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मरून जाते, तिच्यासाठी आपण रांगा लावतो. सॅल्व्हिया तीन महिन्यांत फुलतो, त्याला एक पावसाळा तरी संधी द्या. तीन जाती लावा, तिन्ही गादीवाफ्यावर, आणि निकाल बघा ३० सप्टेंबरला. जो उभा असेल तो तुमच्या अंगणातला हार्डी, मग लेबलवर एच-७ असो नाहीतर काहीही!